पंख झाकण्याआधी: घरी विमान बांधण्याचा अनुभव

गेल्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारी २०२१ मध्ये, माझ्या विमानाचे दोन्ही पंख पूर्ण झाले. इंधनाच्या टाक्या गळत नाहीत याची खात्री झाली, खालचे पत्रे बंद झाले, ऐलेरॉन आणि फ्लॅप हे मागच्या कडेचे हलते भाग बसले. धडाचं किट अजून यायचंय आणि इंजिन तर फारच लांब आहे. पण ज्या धास्तीने मी पंखांना हात लावला होता ती आजही कुणाच्या तरी मनात असेल, म्हणून सगळं ताजं आहे तोवर लिहून काढते.

विमान आहे आरव्ही-७. दोन आसनांचं, संपूर्ण ॲल्युमिनियमचं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सवेन यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट या अमेरिकन कंपनीचं हे किट. या घराण्याची दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली आहेत, त्यामुळे तुम्हाला पडलेला जवळजवळ प्रत्येक प्रश्न आधी कुणाला तरी पडलेला असतो. किट टप्प्याटप्प्याने घेता येतं: आधी शेपूट, मग पंख, मग धड, मग उरलेलं. पैसे एकदम गुंतत नाहीत हा याचा मोठा फायदा. शेपूट बांधून बघायचं, जमलं नाही किंवा आवडलं नाही तर तिथेच थांबायचं. शेपटीवर माझा हात बसला होता. पत्राकाम शिकायला ईएए या हौशी विमान बांधणाऱ्यांच्या संघटनेची दोन दिवसांची कार्यशाळा केली होती, तिचाही फार उपयोग झाला. कधीच रिव्हेट, म्हणजे पत्रे कायमचे जोडणारा ठोकून बसवायचा खिळा, मारला नसेल तर अशा कार्यशाळेपासूनच सुरुवात करा.

मी राहते अमेरिकेत, त्यामुळे नियम इथले. घरी बांधलेलं विमान इथे ‘एक्सपेरिमेंटल, ॲमॅच्युअर-बिल्ट’ या वर्गात येतं. अट अशी की विमानाचा मोठा भाग, बोलीभाषेत ५१ टक्के, हौशी माणसांनी स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी बांधलेला हवा. आरव्ही-७चं किट विमान प्रशासनाने, म्हणजे एफएएने, आधीच तपासून मान्य किटच्या यादीत घातलेलं आहे, त्यामुळे टक्केवारीची आकडेमोड आपल्याला करावी लागत नाही. मात्र काम आपणच केलं हे दाखवावं लागतं, आणि त्यासाठी बांधणीची वही आणि फोटो लागतात. फोटोत अधूनमधून स्वतःही दिसा. नुसत्या पत्र्याचे शेकडो फोटो काढून काम कुणी केलं ते कळत नाही.

एक गोष्ट मला सुरुवातीला फार विचित्र वाटली. पंख बांधत असताना सरकारी तपासनीस येऊन बघत नाही. तो येतो अगदी शेवटी, विमान उभं राहिल्यावर, आणि तोवर पंखाची आतली बाजू कायमची झाकलेली असते. कॅनडात पत्रे बंद करण्याआधी तपासणी करून घ्यावीच लागते, इथे तसं बंधन नाही. म्हणजे आत काय आहे याची ग्वाही माझी मला द्यायची. पंखांच्या कामात मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं ते या एका गोष्टीने.

पंखांच्या किटची ऑर्डर दिली ऑक्टोबर २०१८ मध्ये. तेव्हाच ठरवावं लागतं की सगळं स्वतः बांधायचं की ‘क्विक-बिल्ड’ घ्यायचं. क्विक-बिल्डमध्ये पंखाचा बराचसा सांगाडा आणि टाक्या बांधून येतात, काही हजार डॉलर जास्त पडतात, आणि तरीही ते ५१ टक्क्यांच्या नियमात बसतं. ज्यांना टाक्यांची धास्ती आहे किंवा वेळ कमी आहे त्यांनी ते जरूर घ्यावं, त्यात कमीपणा काही नाही. मी साधं किट घेतलं. पैसे वाचले हे एक, आणि ज्या टाकीतल्या पेट्रोलवर मी आणि माझी लेक उडणार ती आतून कशी आहे हे मला माहीत असायला हवं होतं हे दुसरं.

क्रेट आला फेब्रुवारी २०१९ मध्ये. ट्रकवाला तो रस्त्याच्या कडेला उतरवून निघून जातो, म्हणून आत घ्यायला तीन-चार माणसं आधीच सांगून ठेवा. सही करण्यापूर्वी क्रेटला कुठे मार बसलाय का ते नीट बघा आणि तसं काही दिसलं तर पावतीवरच लिहा. मग मोजणी. प्रत्येक रिब, म्हणजे पंखाची आतली फासळी, प्रत्येक ब्रॅकेट, प्रत्येक पिशवी यादीशी ताडून बघायची. रिव्हेट कागदी पिशव्यांत वजनावर येतात, ते मोजायच्या फंदात पडू नका, पिशव्या आहेत की नाहीत एवढंच पाहा. कमी आलेल्या वस्तू कळवायला ठरावीक मुदत असते, म्हणून मोजणी लांबवू नका. माझे एक-दोन भाग नंतर पाठवतो म्हणून आले, काम काही त्यावाचून अडलं नाही.

रिव्हेटच्या नावांनी सुरुवातीला डोकं चक्रावतं, पण एकदा किल्ली सापडली की सोपं आहे. एएन४२६एडी३-३.५ घ्या. एएन४२६ म्हणजे डोकं पत्र्याशी सपाट बसणारा. एडी हा मिश्रधातू, त्याच्या डोक्यावर बारीकसा खड्डा असतो त्यावरून ओळखायचा. ३ म्हणजे जाडी, इंचाच्या बत्तिसाव्या भागांत. ३.५ म्हणजे लांबी, इंचाच्या सोळाव्या भागांत. जिथे डोकं वर राहिलेलं चालतं तिथे एएन४७०. मी प्लॅस्टिकच्या खणांच्या पेट्या घेतल्या, प्रत्येक खणावर नाव लिहिलं आणि खणाच्या तळाशी एक-एक रिव्हेट चिकटवून ठेवला. हा उद्योग पुढे दोन वर्षं उपयोगी पडला.

हत्यारं बहुतेक शेपटीच्या वेळचीच होती. दोन गोष्टी जादा घेतल्या. एक, क्लेको. पत्रे तात्पुरते जोडून धरणाऱ्या या स्प्रिंगच्या खिळ्या: चंदेरी बारीक भोकांना, तांबूस त्याहून मोठ्या भोकांना. पंखाला त्या शेकड्यांनी लागतात, जुन्या मिळाल्या तर जुन्या घ्या. दुसरी, टंगस्टनचा बकिंग बार. रिव्हेटच्या मागे धरायचा हा ठोकळा. टंगस्टन पोलादाच्या सुमारे अडीचपट जड, म्हणून एवढासा तुकडा अरुंद जागेत जातो आणि तरीही वजन देतो. महाग आहे. पण पंखाच्या आतल्या कोपऱ्यांत त्याच्याशिवाय माझं पान हललं नसतं.

मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा कणा, कारखान्यातून जोडूनच येतो. सोनेरी ॲनोडाइझ केलेला, आणि इतका देखणा की त्याला ड्रिल लावायला जीव होत नाही. पण पहिलं काम नेमकं तेच. टाकी स्पारला स्क्रूंनी बसते आणि त्या भोकांना काउंटरसिंक करावं लागतं, म्हणजे स्क्रूचं डोकं सपाट बसेल असं भोकाचं तोंड उतरतं करावं लागतं. जास्त खोल गेलं तर परत भरून काढता येत नाही, आणि हा सगळ्या विमानातला सर्वांत महत्त्वाचा भाग. भंगार पट्टीवर खोली जमवून घ्या, प्रत्यक्ष वापरायच्या स्क्रूनेच तपासा, आणि दर थोड्या भोकांनंतर पुन्हा तपासा, कारण हत्याराची खोली कामाच्या कंपनाने सरकू शकते. पहिल्या भोकाच्या वेळी छातीत धडधडत होतं. दहाव्याला मी गुणगुणत होते.

मग रिब. उन्हाळाभर मी रिबच करत होते असं वाटतं. प्रत्येक रिबच्या कडेची बर, म्हणजे कापताना राहिलेला धारदार कंगोरा, काढायची, आतल्या वजन-कपातीच्या भोकांच्या कडाही सोडायच्या नाहीत, कारण चीर सुरू होते ती ओरखड्यातून. पत्रा वाकवून कड काढलेली असल्याने रिब किंचित धनुष्यासारखी वळलेली असते. दोन भोकांच्या मधे विशिष्ट पकडीने छोट्या चुण्या घालून ती सरळ करायची आणि कड काटकोनात आहे का ते गुण्याने बघायचं. हे काम कंटाळवाणं आहे हे खरं, तरी मला ते आवडायला लागलं. संध्याकाळी दोन-तीन रिब झाल्या की दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटे. पत्र्याला मूळचाच शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, तेव्हा आतून प्रायमर मारायचा की नाही यावर लोक वर्षानुवर्षं भांडताहेत. मी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारला. वजन थोडं वाढलं, कामही बरंच वाढलं, आणि माझ्या मते दमट हवेच्या गावात राहणाऱ्याने तो मारावाच. चांगला श्वसनमास्क त्यासाठी आधी घ्या, प्रायमर नंतर.

सांगाडा जोडला की तो दोन खांबांच्या स्टँडवर चढवतात. इथे ओळंबा बाहेर निघतो. मुख्य स्पारच्या दोन्ही टोकांवरून ओळंबे सोडायचे आणि मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे तंतोतंत सारखं येतंय का बघायचं. फरक आला तर पंखाला पीळ आहे, आणि पीळ असलेला पंख विमान सतत एका बाजूला झुकवत राहतो. पत्रा रिव्हेट झाला की तो पीळ तसाच गोठतो. हल्ली सगळी भोकं कारखान्यातच पाडून येतात, त्यामुळे चूक व्हायला वाव कमी, तरी बघायचंच. वारा बंद करा, ओळंब्याचं टोक पाण्याच्या भांड्यात बुडवा, म्हणजे दोरा डोलत नाही.

वरचे पत्रे बसवले २०१९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. पत्रा ०.०२५ ते ०.०३२ इंच, म्हणजे मिलिमीटरपेक्षाही पातळ. प्रत्येक भोकाला आधी डिंपल पाडायचा, म्हणजे रिव्हेटचं डोकं वाटीत बसावं तसं सपाट बसतं. पंखाच्या मधल्या भागात रिव्हेट मारायला दोन माणसं लागतात. रिव्हेट ठोकणारी हवेची गन माझ्याकडे, बकिंग बार लेकीकडे. तिचे हात बारीक आणि लांब, रिबांच्या मधून कोपरापर्यंत सहज आत जायचे. कानांवर मफ असल्याने बोलणं ऐकू येत नाही, म्हणून आमची भाषा ठरली: ती बार टेकवून पत्र्यावर एकदा टकटक करणार, मग मी ट्रिगर दाबणार, मग ती आरसा-टॉर्चने पाहून अंगठा दाखवणार. बार टेकल्याची खूण मिळाल्याशिवाय ट्रिगर नाही, हा एकच कडक नियम होता. बाराशिवाय गन चालली तर पत्र्याला खळगा पडतो आणि तो रंगाखालूनही दिसतो.

चांगला रिव्हेट कसा ओळखायचा? मागच्या बाजूला तयार होणाऱ्या बोंडाची रुंदी दांड्याच्या जाडीच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी. आमच्या बारीक रिव्हेटला म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर रुंद आणि सव्वा मिलिमीटरच्या आत उंच. मोजायला गेज मिळतो. काही दिवसांतच लेक गेज न लावता सांगायला लागली, “आई, हा एका बाजूला कललाय, पण चालेल.” आणि ‘चालेल’ हे शिकणं खरंच गरजेचं आहे. किंचित कललेला रिव्हेट काढायला गेलं तर भोक मोठं होतं आणि होतं त्याहून वाईट होऊन बसतं. काढायचाच झाला तर डोक्यावरच्या खड्ड्यात ड्रिल टेकवून फक्त डोक्याच्या जाडीइतकं भोक पाडा, पंचने डोकं तोडा, मागून आधार देऊन दांडा हळूच ठोकून काढा. भोक मोठं झालंच तर जाड दांड्याचे पण लहान डोक्याचे रिव्हेट मिळतात, ते हाताशी ठेवा. गनच्या हवेचा दाब ४० पीएसआयच्या (चौरस इंचाला ४० पौंडांच्या) आसपास ठेवून भंगारावर जमवा आणि रोज कामाला बसण्याआधी दोन-तीन सरावाचे मारा.

ऑक्टोबरमध्ये टाक्या सुरू केल्या. आरव्ही-७ मध्ये पंखाचा पुढचा, धडाजवळचा भाग हीच टाकी, प्रत्येकी २१ गॅलन, म्हणजे ऐंशी लिटरच्या जवळपास. आत वेगळी पिशवी वगैरे काही नाही. पत्रा, रिब आणि सीलंट. सीलंट पॉलिसल्फाइडचं, दोन भागांचं: पांढरा पाया आणि काळा हार्डनर, वजनाने दहास एक. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा पुरतो. एका रंगाचं राखाडी होईपर्यंत घोटायचं, पांढरा पट्टा दिसला तर ते मिसळलेलं नाही. डब्यावर बी-२ लिहिलेलं असतं, त्यातला २ म्हणजे कामाला मिळणारे तास. पण तोही ठरावीक तापमानाला. उन्हाळ्यात कमी, थंडीत जास्त. मुदतीची तारीख बघून, लागेल तेवढंच घ्या. एकदम जास्त घेतलेलं वाया जातं आणि स्वस्त मुळीच नाही.

सीलंटची सगळे एवढी भीती का घालतात कोण जाणे. चिकट आहे, गंधकासारखा वास येतो, कपड्याला लागलं तर कपडा गेला. पण शिस्त लावली की ते शांतपणे होतं. शिस्त अशी: आदल्या दिवशी जोडाच्या सगळ्या जागा घासून खरखरीत करायच्या. कामाच्या दिवशी सॉल्व्हंटने पुसायच्या, आणि नुसत्या ओल्या करून सोडायच्या नाहीत, सॉल्व्हंट वाळायच्या आत दुसऱ्या स्वच्छ फडक्याने कोरड्या करायच्या, नाहीतर तेलकटपणा तिथेच परत बसतो. त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. एका वेळी एकच रिब. तीस-चाळीस ग्रॅमपेक्षा जास्त कालवायचं नाही. हातमोजे एकावर एक दोन-तीन जोड घालायचे, वरचा माखला की ओढून टाकायचा. रिबच्या कडेला पातळ थर, पत्रा क्लेकोने बसवायचा, रिव्हेट मारायचे, मग आतून कोपऱ्यात आइस्क्रीमच्या काडीने गोलसर कड ओढायची आणि प्रत्येक बोंडावर एक टोपी. काडीचं टोक पॉलिश पेपरवर घासून हवं तेवढं गोल करून घेतलं की कड एका ओढीत येते. आमच्या गॅरेजमध्ये नोव्हेंबरनंतर सीलंट वाळायला भरपूर दिवस लागत, म्हणून पुढची रिब त्याच्या तब्येतीने घेतली. घाई करण्यासारखं त्यात काही नव्हतं.

टाकीची मागची भिंत सर्वांत शेवटी लागते आणि ती लागली की आतलं दिसत नाही. म्हणून त्याआधी मी प्रत्येक बोंडाचा फोटो काढला, इंधन मोजणारा फ्लोट पूर्ण वर-खाली फिरतो ना, टाकीत हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या श्वासनळीला पीळ नाही ना, तळातल्या कोपऱ्यांत धातूचा कीस नाही ना, हे बघितलं. जुन्या काळी लोक बंद टाकीत पातळ लेप ओतून तो सगळीकडे फिरवत असत. तो कालांतराने पापुद्र्यासारखा सुटून इंधनाच्या गाळणीत अडकायचा, त्यामुळे ती पद्धत गेली. गळती लपवायचा तो मार्ग आता कुणी सुचवला तर ऐकू नका.

गळतीची चाचणी जानेवारी २०२० मध्ये केली. श्वासनळीवर फुगा लावायचा, बाकी तोंडं बंद करायची, सायकलच्या पंपाने अगदी थोडी हवा भरायची. एक पीएसआय ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो प्रत्येक चौरस इंचावर एक पौंड आहे आणि टाकीचा मागचा पत्रा शेकडो चौरस इंचांचा. जास्त दाबाने टाकी फुगून कायमची वाकडी होऊ शकते. यावर पाण्याच्या पारदर्शक नळीचा उपाय सर्वांत निर्धोक: यूच्या आकारात वळवलेल्या नळीत दोन बाजूंच्या पाण्यात २७-२८ इंचांचा फरक आला की झाला एक पीएसआय. मग साबणाचं पाणी प्रत्येक रिव्हेटवर. एका निचरा-व्हॉल्व्हच्या कडेला बुडबुडे आले, तो काढून नवं सीलंट लावून पुन्हा बसवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा मलूल लटकत होता आणि माझ्या पोटात गोळाच आला. दुपारी तो परत ताठ झाला! रात्रीच्या थंडीने आतली हवा आकसली होती. फुगा बघायचा असेल तर दोन दिवस एकाच वेळी, एकाच तापमानाला बघा आणि तोवर मन घट्ट ठेवा.

मार्चपर्यंत वरचे पत्रे, पुढच्या कडा, टाक्या सगळं झालं होतं. आत ऐलेरॉन हलवणारे ढकलदांडे आणि त्यांना जोडणारा बेलक्रँक, वेग मोजण्यासाठीची पिटोची नळी, वायरींसाठी प्लॅस्टिकचा नळ. उरले होते खालचे पत्रे, म्हणजे झाकण. आणि तेव्हाच सगळं जग बंद झालं.

ईएएचे टेक्निकल काउन्सेलर असतात. अनुभवी बांधणारे किंवा मेकॅनिक, स्वयंसेवक, एक पैसा न घेता येऊन काम बघतात. त्यांच्या भेटीची सक्ती नाही, सरकारी कागदावर त्यांची सही लागत नाही. आमच्या भागातले गृहस्थ एप्रिलमध्ये यायचे होते. वयस्कर, निवृत्त विमान-मेकॅनिक. त्या दिवसांत त्यांना घरी बोलवायचा प्रश्नच नव्हता. फोटो पाठवून, व्हिडिओवर दाखवून पत्रे बंद करावेत असा सल्ला मला बऱ्याच जणांनी दिला. पत्रे तयार, लेक घरी, वेळच वेळ. हात शिवशिवत होते. तरी मी थांबले. एप्रिल गेला, मे गेला, त्या वर्षीचा ऑशकॉशचा ईएएचा विमान-मेळासुद्धा रद्द झाला. मी त्या काळात ऐलेरॉन आणि फ्लॅप करून टाकले. कुठे अडलात तर दुसऱ्या भागाकडे वळता येणं ही किटची मोठी सोय आहे.

ऐलेरॉनबद्दल दोन शब्द. त्याच्या पुढच्या कडेत साधा लोखंडी पाइप असतो, तो वजनाचा तोल साधायला. बिजागरीच्या मागे वजन जास्त झालं तर वेगात ऐलेरॉन फडफडायला लागतो आणि ती फडफड पंख तोडू शकते. म्हणून मागच्या बाजूला रंगाचे थरावर थर चढवू नयेत. मागची कड पत्रा दुमडून केलेली असते. ती दुमड फार गोल राहिली तर विमान एका बाजूला ओढतं, म्हणून सरळ पट्टी आडवी लावून पृष्ठभाग कडेपर्यंत सपाट आहे ना ते पाहा.

काउन्सेलर आले जुलैमध्ये. गॅरेजचं दार पूर्ण उघडं, सगळे मास्क लावून, मी आणि लेक बाहेर अंगणात. त्यांनी आल्या आल्या हत्यार काढलं नाही, आधी स्टूल मागितलं. बसून, एका रिबपासून दुसऱ्या रिबपर्यंत, आरसा आणि टॉर्च घेऊन अख्खी सकाळ बघत राहिले. मग लेकीला ऐलेरॉन पूर्ण वर आणि पूर्ण खाली फिरवायला लावलं आणि मला बोलावून ढकलदांड्याकडे बोट दाखवलं. मधल्या स्थितीत दांडा आणि वायरचा नळ यांत बोटभर अंतर होतं. टोकाच्या स्थितीत कागद जेमतेम सरकेल एवढंच. जमिनीवर घासत नव्हता, पण उडताना पंख लवतो. नळ दुसऱ्या भोकातून वळवायला एक संध्याकाळ पुरली. खालचा पत्रा लागल्यावर ते दिसलंही नसतं आणि तिथवर हातही पोचला नसता. बोल्ट किती ताणले तेही त्यांनी विचारलं. एएन३ मापाच्या बोल्टला २० ते २५ इंच-पौंड, एएन४ ला ५० ते ७०, आणि लॉकनट फिरवताना जो विरोध लागतो तो त्यात मिळवायचा. वहीत प्रत्येक बोल्टची नोंद आणि वर रंगाची खूण होती, ते बघून त्यांनी मान हलवली. जाताना अहवालाची प्रत पाठवली, ती मी वहीला जोडून ठेवली. विम्याच्या वेळी अशा भेटी उपयोगी पडतात असं ते म्हणाले.

त्यामुळे माझं ठाम मत झालंय: नियम सांगत नसला तरी झाकण्याआधी दुसरे डोळे हवेतच, आणि ते प्रत्यक्ष समोर हवेत. फोटोत आपण दाखवतो तेच दिसतं.

खालचे पत्रे ऑगस्टपासून. यात बाहेरच्या टोकाचा पत्रा सगळ्यात अवघड, कारण आत हात घालायला वरून-खालून कुठूनच जागा नसते. आतल्या एका कोपऱ्यातून सुरुवात करायची, पत्रा पुस्तकाच्या पानासारखा उचलून धरायचा, हात आत घालून एक रिव्हेट, मग पुढचा, आणि कोपऱ्याकडून तिरकं सरकत जायचं. पत्रा जास्त वाकवला तर घडी पडते, म्हणून एकाने नुसता तो धरायला उभं राहावं. हाताला कापडी पट्टी गुंडाळा, डिंपलच्या कडा ओरबाडतात. दिवसाला एक ओळ झाली तरी खूप. शेवटचा रिव्हेट लेकीने मारला, बार मी धरला.

थंडीत काम सावकाश चाललं. फायबरग्लासची पंखांची टोकं तात्पुरती बसवून ठेवली, दिवे आणि वायरी झाल्याशिवाय ती पक्की करण्यात अर्थ नाही. कागदपत्रंही याच काळात लावली. हवा असलेला नोंदणी क्रमांक वर्षाला दहा डॉलर भरून राखून ठेवता येतो, तो ठेवला. पुढे लागणारे अर्ज छापून फायलीत घातले: मालकीचं प्रतिज्ञापत्र ८०५०-८८, बांधणाऱ्याची शपथ ८१३०-१२, आणि सगळ्यात शेवटी उड्डाणयोग्यतेसाठी ८१३०-६. शपथपत्रांना नोटरी लागतो. ते भरायला अजून वेळ आहे, पण ते एकदा वाचले की वहीत आणि पावत्यांत काय काय जपायचं ते कळतं. किटचं मूळ बिल आणि विक्रीची पावती तर डोळ्यांत तेल घालून सांभाळा, नोंदणी त्यावरच अवलंबून असते.

खर्चाचं म्हणाल तर मोठी रक्कम किटची, ती आधीच माहीत असते. न सांगता वाढतो तो बाकीचा: सीलंट, प्रायमर, सॉल्व्हंट, हातमोजे, ड्रिलची पाती, परत मागवलेले दोन रुपड्यांचे भाग ज्यांचं टपालच जास्त पडतं. छोट्या भागांची यादी साठवा आणि एकदम मागवा.

आता ठेवण्याचं. पंख पुढच्या कडेवर उभे ठेवायचे, लाकडी पाळण्याला जुना गालिचा लावून, स्पारच्या टोकांना आधार देऊन. टाकीचा निचरा आणि भरणतोंड टोप्यांनी बंद करा, पण टाकी हवाबंद नको. ऋतू बदलला की आतली हवा फुगते-आकसते, म्हणून श्वासनळीवर बारीक जाळीच ठेवा. पिटोच्या नळीला मात्र पक्की टोपी, कुंभारमाशी एका दिवसात तिथे घर करते. धडाच्या किटची ऑर्डर मी गेल्या आठवड्यात दिली.